शोकेसमधला सूर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच : ‘आवाज महत्त्वाचा, पण दिसायलाही बरं हवं.’ हे संकोचून लिहायची गरज नाही. मुंबईच्या घरात संगीताची वेगळी खोली नसते. अँप्लिफायर हॉलमध्येच, टीव्हीच्या शेजारी किंवा शोकेसमध्ये बसतो आणि घरातली सगळी माणसं तो रोज बघतात. मात्र ज्या रूपासाठी पैसे मोजायचे ते इथल्या दमट हवेत टिकायला हवं, आणि त्यामागे काहीतरी कामाचं असायला हवं. पुढची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १२ फुटांचा आहे. अँप्लिफायर आणि स्पीकर मिळून चाळीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. सत्तरच्या दशकातले चंदेरी तोंडाचे, लाकडी पेटीतले जपानी रिसीव्हर (रेडिओ असलेले अँप) मला फार आवडतात. चोर बाजारात एक पाहून ठेवला आहे. तो घ्यावा की नवा अँप घ्यावा? जुन्याला चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, २५ वॅटच आहेत, ते पुरतील का? – एक वाचक, गिरगाव

आधी वॅटचं बघू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. साधारण बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल. तुम्ही अडीच मीटरवर बसणार, तिथे ८ कमी झाले. २० वॅटने १३ वाढले, दोन स्पीकर मिळून आणखी ३. बेरीज ९४ डेसिबल, आणि भिंतींवरून परतणारा आवाज त्यात धरलेलाच नाही. गिरगावातल्या इमारतीत याहून मोठा आवाज कोणी रोज लावणार नाही. वॅट दुप्पट केले तरी भर पडते ती फक्त ३ डेसिबलची, त्यामुळे २५ आणि ५० मधला फरक किमतीत जाणवतो तेवढा कानाला जाणवत नाही.

याचा सर्वांत भक्कम दाखला म्हणजे १९७८ सालचा नॅड ३०२०. बियॉर्न एरिक एडवर्डसन यांनी आखलेला हा अँप कागदावर चॅनेलमागे २० वॅटचाच होता. रूप म्हणाल तर मळकट करड्या रंगाचा साधा डबा. त्या काळात जपानी कंपन्यांत वॅटची आणि चकचकीत पॅनेलची चढाओढ लागली होती. नॅडने पैसा मोक्याच्या जागी घातला : अवघड स्पीकर जोडले तरी नोंदलेल्या ताकदीच्या दुपटीहून जास्त क्षणभर देता येईल असा सप्लाय (आतला वीजपुरवठा), आणि आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो एकदम न फाटता हळूच दबावा म्हणून सॉफ्ट क्लिपिंग. परवडणाऱ्या हाय-फायचा इतिहास सांगताना आजही आधी याचंच नाव निघतं.

तरी चंदेरी रिसीव्हरवर जीव जडला असेल तर त्यालाही आमचा पाठिंबा आहे. मरांट्झ, पायोनियर, सान्सुई यांच्या त्या पॅनेलचा जाड घासलेला अॅल्युमिनियम, भरीव नॉब, ट्यूनिंगच्या नॉबमागचं जड चक्र हे सगळं आज नव्याने करायचं म्हटलं तर या किमतीत होणार नाही. पण घेताना हातात मल्टिमीटर हवा, आणि दुकानात अर्धा तास बसायची तयारी हवी.

पहिली नजर मागच्या बाजूला टाका. जपानमधल्या सेटवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, अमेरिकेतल्यावर १२०. मागे व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही सेटवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा : १२० वॅटच्या सेटला २५० ते ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). इथे एक चूक नेहमी होते. १०० व्होल्टच्या सेटला ११० चा ट्रान्सफॉर्मर जोडतात. घरातली वीज २४० वर गेली की त्यातून ११५ निघतात आणि आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं जास्त तापत राहतात. १०० च्या सेटला १०० चाच घ्या.

मग पॅनेल. अक्षरं पुसट, विशेषतः व्हॉल्यूमभोवतीची, म्हणजे कोणीतरी पावडरने घासलेलं आहे. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर सेट अनेकदा उघडला गेला आहे. दोन्ही गोष्टी भाव कमी करायला पुरेशा आहेत, सेट नाकारायला नाहीत.

चालू करताना दुकानदाराला १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायला सांगा. लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यांकडे असा बोर्ड बहुधा तयारच असतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बने ही चाचणी होत नाही. चालू झाल्यावर दोन ते पाच सेकंदांनी रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, ‘टक्’ आवाज यावा (काही छोट्या सेटना रिले नसतो). आता स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या दोन टर्मिनलमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत व्हा. १०० च्या वर असेल तर त्या सेटला स्पीकर लावू नका, व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जळते. शेवटी दोन्ही चॅनेलवर गाणं लावून प्रत्येक नॉब आणि बटण फिरवून पाहा. खरखर आली किंवा एक बाजू मधेच गेली तर घाबरू नका, मुंबईच्या हवेत संपर्कांवर गंज चढतोच. नॉबच्या मुळाशी कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, मग तो वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की बहुतेक वेळा भागतं. गंज सोडवायचं घरगुती तेल मात्र मारू नका. ते आत राहून धूळ धरतं. दोन्ही स्पीकरमधून सतत ‘हम्’ येत असेल तर सप्लायचे मोठे कपॅसिटर थकले आहेत, त्यांचा खर्च आधीच धरा.

आमचा सल्ला : सेटच्या किमतीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल आणि ओळखीचा कारागीर असेल तरच जुना घ्या. नाहीतर नव्यातही चंदेरी रूप मिळतं, यामाहाच्या ए-एस मालिकेत चंदेरी आणि काळा असे दोन्ही पर्याय आले आहेत. दोन्ही बाबतीत स्पीकरवर निम्म्याहून थोडा जास्त खर्च करा. आवाज घडतो तो तिथेच.

प्रश्न : तळहाताएवढे क्लास-डी अँप ‘३०० वॅट’ म्हणून फार स्वस्तात मिळतात. काहींवर सुंदर व्हीयू मीटर (आवाजाबरोबर हलणारी सुई) असतात. खरं किती समजायचं? – मुलुंडहून एक वाचक

सोबत येणाऱ्या अडॅप्टरवर काय लिहिलं आहे ते वाचा, खरं उत्तर तिथेच असतं. टीपीए३२५५ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप खरोखर दमदार आहे. तिचे मोठे आकडे मात्र ५० व्होल्टच्या आसपासचा सप्लाय, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती धरून दिलेले असतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी सोपा हिशेब असा : सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा आणि १६ ने भागा. २४ व्होल्टला ३६ वॅट येतात, ३२ व्होल्टला ६४, आणि प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळतात. ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर मुळात १६० वॅटच देऊ शकतो, मग दोन चॅनेल मिळून ३०० येणार कुठून? पण वरच्या उत्तरातला हिशेब आठवा. ३६ वॅटसुद्धा तुमच्या खोलीला भरपूर आहेत. म्हणून आम्ही हे अँप मनापासून सुचवतो. आकडा खोटा असला तरी वस्तू पैशाला जागते.

एक धोका लक्षात ठेवा. यांच्या स्पीकरच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, ती अर्थ (ग्राउंड) नसते. दोन चॅनेलच्या काळ्या तारा एकत्र जोडल्या, किंवा सामायिक अर्थ असलेला सबवूफर तिथे लावला, तर चिप जाऊ शकते.

मीटरबद्दल : घरच्या नेहमीच्या आवाजात सरासरी एक वॅटही लागत नाही, त्यामुळे खऱ्या मोजमापाची सुई तळाशीच राहते. सुई सतत मध्यावर नाचत असेल तर मीटर इनपुटवर जोडलेला आहे किंवा शोभेसाठी संवेदनशील केला आहे. बघायला आवडत असेल तर जरूर घ्या, त्यावरून वॅट मात्र मोजू नका.

प्रश्न : जुन्या रिसीव्हरचं अॅल्युमिनियमचं पॅनेल काळवंडलं आहे आणि सागवानी व्हीनियरचे (लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले) स्पीकर कोरडे, पांढुरके दिसतात. घरच्या घरी काय करता येईल? – पार्ल्याच्या एक वाचक

पॅनेलला पितांबरी, ब्रासो, भांड्यांची घासणी, यांपैकी काहीही लावू नका. तांब्या-पितळेला जे चालतं ते इथे चालत नाही. अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा अगदी पातळ थर असतो आणि अक्षरं त्याच्यावर छापलेली असतात. दोन्ही एकदा निघाली की परत येत नाहीत. काच पुसायचे फवारे, थिनर आणि पेट्रोलही अक्षरं उचलतात.

प्लग काढा. नॉब ओढून काढा (काहींना बाजूला बारीक स्क्रू असतो) आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून त्यात अर्धा तास भिजवा, मग मऊ टूथब्रशने खाचा साफ करा. त्याच पाण्यात मायक्रोफायबरचं फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पॅनेल रेघांच्या दिशेनेच, म्हणजे बहुधा आडवं पुसा. गोल फिरवलं तर तिरप्या उजेडात ते ओरखडे कायम दिसतात. पाणी नॉबच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका. जिथे पांढरट खड्डे पडले आहेत तिथे गंज थराच्या आत गेला आहे. ते तसेच राहतील.

लाकडाला हात लावायच्या आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मोत्यासारखा उभा राहिला तर वर लॅकर आहे, तेल आत जाणारच नाही, उलट चिकट राहील. तिथे ओलसर फडकं आणि थोडं मेण एवढंच करा. पाच मिनिटांत थेंब जिरला तर व्हीनियर तेलाचं आहे आणि तुमचं काम सोपं आहे. ग्रिल काढून कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) कागद चिकटवा, पृष्ठभाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने शिरांच्या दिशेने हलकेच घासा. हलकेच, कारण व्हीनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, आणि कडांवर तर एका मिनिटात खालचा बोर्ड दिसू लागतो. डबल बॉइल्ड लिन्सीड, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान मिसळून पहिला हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल पुसून काढा. ते राहिलं तर महिनाभर चिकट लागतं. चोवीस तासांनी दुसरा हात, गरज वाटली तर तिसरा. हे काम पावसाळ्यात काढू नका, ऑक्टोबरनंतर करा.

आणि हे फार महत्त्वाचं : तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. गॅलरीत एकेरी पसरून पूर्ण वाळवा, मग टाका.

कडेला व्हीनियर सुटलं असेल तर सिरिंजने फेव्हिकॉल सोडा, वर बटर पेपर आणि लाकडाची पट्टी ठेवून रात्रभर शिकंजात धरा. पाणी लागून पार्टिकल बोर्ड फुगला असेल तर मात्र तो भाग कापून बदलण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम हात लावताच काळा भुगा होऊन पडला. स्पीकर फेकून द्यायचे का? – दादरचे एक वाचक

मुळीच नाही. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. मुंबईत हे दहा-पंधरा वर्षांत होतंच, स्पीकर वाजवले तरी आणि बंद ठेवले तरी. खोबरेल लावून तो वाचत नाही, लवकर जातो. बाकीचा ड्रायव्हर बहुधा ठणठणीत असतो.

नवी रिंग मागवताना ‘आठ इंची’ एवढं सांगून भागत नाही. फ्रेमवर चिकटणाऱ्या भागाचा बाहेरचा आणि आतला व्यास, मधल्या उंचवट्याची रुंदी आणि कोनचा व्यास, अशी चारही मापं मिलिमीटरमध्ये द्या. जुना फोम आणि गोंद बोथट सुरी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. कागदी कोन भिजवू नका. रिंग आधी कोनला चिकटवा, मूळची वरून होती की खालून ते पाहून तशीच, आणि एक दिवस वाळू द्या. त्यानंतर फ्रेमला.

खरी गोम या दुसऱ्या टप्प्यात आहे. व्हॉइस कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत बरोबर मध्ये राहायला हवी. पक्का मार्ग म्हणजे मधली डस्ट कॅप कापून फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या सारख्या जाडीच्या चार पट्ट्या खोचायच्या, गोंद वाळला की पट्ट्या काढून नवी कॅप लावायची. कॅप कापायची नसेल तर गोंद ओला असताना बोटांनी कोन सगळीकडून सारखा दाबून बघत राहा. ‘खस्स’ असा घासल्याचा आवाज आला की त्या बाजूने रिंग किंचित सरकवा. म्हणूनच फेव्हिक्विकसारखा क्षणात धरणारा गोंद इथे निरुपयोगी आहे. सरकवायला वेळच मिळत नाही. हळू वाळणारा, वाळल्यावर लवचिक राहणारा गोंद हवा. काम दोन्ही स्पीकरचं एकदमच करा. आणि त्या मापाची रबराची रिंग मिळत असेल तर तीच घ्या, इथल्या हवेत ती फोमपेक्षा कितीतरी जास्त टिकते. जास्तीची फोमची रिंग घेऊन ठेवू नका. ती कपाटातही विरते.

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला, अक्रोडाच्या पट्टीचा देखणा टर्नटेबल स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावला तर सगळी गाणी संथ आणि खालच्या सुरात वाजतात. – गोरेगावचे एक वाचक

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तुमच्या टर्नटेबलची एसी मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. म्हणून ३३⅓ ऐवजी प्लॅटर (तबकडीखालची चकती) मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेतो आणि सूर सुमारे तीन अर्धस्वर खाली येतो : काळी चारचं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं. उपाय म्हणजे मोटरवर ५० हर्ट्झची पुली (पट्टा फिरवणारी छोटी चकती) बसवणं, जिचा व्यास मूळच्या १.२ पट असतो. काही मॉडेलना ती वेगळी मिळत असे. नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या, पण ती तंतोतंत गोल हवी, नाहीतर स्वर थरथरतो. तपासायला स्ट्रोब डिस्क घ्याल तेव्हा ५० हर्ट्झची, १८० रेघांची घ्या. क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलना, उदाहरणार्थ टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ ला, हा त्रास नाही, त्यांचा वेग आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो. त्यांचं फक्त व्होल्टेज जुळवावं लागतं.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्यांवर बुरशी आली आहे. एलपीसाठी घेतलेलं स्पिरिटचं मिश्रण वापरू का? त्या वाजवायला कमी खर्चात कोणता टर्नटेबल चांगला? – ठाकुरद्वारच्या एक वाचक

स्पिरिट अजिबात वापरू नका. त्या तबकड्या लाखेच्या आहेत. सुतार फर्निचरचं पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, तबकडीचंही तेच होईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा. लेबल कोरडं ठेवा, तबकडी उभी करून सावलीत वाळवा. जुन्या कागदी पाकिटांत बुरशीचे धागे असतात, ती बदलाच. (व्हिनाइल एलपीला एक भाग आयसोप्रोपिल आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर चालतं.)

टर्नटेबल घेताना ७८ चा वेग आहे ना हे पाहा. अनेक देखण्या मॉडेलना फक्त ३३ आणि ४५ असतात. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० मध्ये तिन्ही वेग आहेत, आणि दिसायलाही तो टेक्निक्सच्या घराण्यातला वाटतो. पण सुई बदलावीच लागेल. एलपीची सुई सुमारे ०.७ मिलची (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची खाच रुंद, तिला ३ मिलची हवी. बारीक सुई खाचेच्या तळाशी घरंगळत राहते आणि गाण्याऐवजी कचराच वाजवते. ऑडिओ-टेक्निकाच्याच व्हीएम९५ मालिकेच्या एकाच कार्ट्रिजवर एलपीची आणि ७८ ची सुई आलटूनपालटून बसते. प्रत्येक सुईच्या डबीवर लिहिलेलं वजन मात्र दर वेळी नव्याने लावा.

प्रश्न : स्पीकर शोकेसच्या कप्प्यात ठेवल्यापासून तबला घुमतो, डग्गा तर नुसता ‘बुम्म’ करतो. बाहेर ठेवायला जागा नाही. – बोरिवलीचे एक वाचक

स्पीकरच्या मागे भोक आहे का पाहा. असेल तर त्यात मोजे किंवा फोमची गुंडाळी घट्ट न कोंबता बसवा, निम्मा घुमारा तिथेच जाईल. स्पीकर कप्प्याच्या काठापर्यंत, शक्य तर एक इंच बाहेर ओढा. मागे आत ठेवला की कप्प्याची फळी आणि बाजू भोंग्यासारखं काम करतात. भोवतीची रिकामी जागा पुस्तकांनी किंवा घडी केलेल्या गोधडीने भरा, आणि खाली रबराचे जाड तुकडे द्या म्हणजे फळी थरथरणार नाही. ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, साधारण तीन फुटांवर यावा. कप्पा वर असेल तर स्पीकरच्या मागच्या कडेखाली पाचर देऊन तोंड खाली झुकवा. समोरच्या फरशीवर सतरंजी घाला.

अँप त्याच शोकेसमध्ये असेल तर वर चार बोटं मोकळी ठेवा आणि वाजवताना काचेचं दार उघडं असू द्या. टर्नटेबल मात्र स्पीकरच्या फळीवर कधीच नको. स्पीकरची थरथर सुईला लागते आणि आवाज वाढवला की घोंघावू लागतो. तार पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची पुरते. घेण्यापूर्वी एक धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचं पाणी आहे, ती तार तिथेच परत करा.